डावीकडच्या सोंगट्या

माझी बायको डोक्यातल्या गाठीनं गेली. त्या गाठीची पहिली खबर डॉक्टरला लागली नाही. ती लागली कॅरमच्या बोर्डावर. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सांगायचं सोडून दिलं होतं. आता लिहून ठेवतो. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, लिहिताना हात अडतो, तेव्हा बोलतो तसंच लिहिणार.

निमगाव केतकीत आमची पिठाची गिरणी होती. आज्ज्यापर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. वडलांनी ती विकली आणि गिरणी टाकली, म्हणून माझ्या वाट्याला रान नाही तर पट्टा आणि मोटर आली. मी सांगतोय ते नव्वदनंतरचं. गावात थ्री फेज लाइट दिवसातनं थोडा वेळच यायची. ती असली की गिरणी चालायची. मग सबस्टेशनात कुणीतरी खटका ओढायचा आणि नुसता सिंगल फेज राहायचा. त्याच्यावर बल्ब लागायचा, टीव्ही लागायचा, पण गिरणीची मोटर हलायची नाही. दळणाचे डबे रांगेत उभे आणि मी हात चोळत बसलेला. कधी तेवढंही जायचं, मग सगळंच बंद. आमचे खेळ ह्या बंद मोटरीतनं निघाले.

गिरणीच्या मागं एक खोली होती. तिथं दुपारी आम्ही जमायचो. एक कंडक्टर होता, मूळचा बावड्याचा, पण आमच्या गावात खोली करून राहायचा. सकाळची गाडी मारून आला की खाकीतच येऊन बसायचा. कॅरमचा बोर्ड त्याचा. एक टीव्ही दुरुस्त करणारा मिस्त्री होता इंदापूरचा. मोपेडवर हत्यारांची पिशवी बांधून गावोगाव हिंडायचा आणि शेवटी आमच्याकडं टेकायचा. त्यानं पुण्याहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. दोन रिमोट, चार-पाच कॅसेटी. आणि शेजारचा तात्या. त्यानं निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढलेलं. त्याला वाघ-बकरी तेवढी यायची. कोळशानं फरशीवर रेघा ओढायच्या, एकानं मूठभर खडे घ्यायचे, त्या बकऱ्या. दुसऱ्यानं मोठे दगड घ्यायचे, ते वाघ. वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला घेरून कोंडायचं.

ज्याला जे येत होतं ते त्यानं बाकीच्यांना शिकवलं. लाइट अजिबात नसली की खिडकीच्या उजेडात कॅरम नाहीतर वाघ-बकरी. सिंगल फेज असली की व्हिडिओ गेम. तात्याला रिमोट हातात दिला की तो सगळं अंग घेऊन वाकायचा.

"तात्या, बटन दाबा, अंग न्हाय," मिस्त्री म्हणायचा.

"बटनानं वळंना म्हून मी वळतोय."

"तुमी वळून काय उपेग? गडी टीव्हीत हाय."

"मग त्याला म्हनावं भायेर ये, हितं दावतो."

माझी बायको ह्यात आली ती चौथा गडी नव्हता म्हणून. त्या दिवशी मिस्त्री आला नव्हता आणि कंडक्टरला जोड्या लावून खेळायचं होतं. ती दारात बसून सुपात गहू निवडत होती. म्हणाली, "मी बसते."

कंडक्टर हसला. "वैनी, ह्ये लाटनं न्हाय."

"लाटनं असतं तर तुमाला धरता तरी आलं असतं का?"

ती बसली. पहिल्याच डावात तिनं राणी घेतली आणि लगेच कव्हर केली. कंडक्टर तिच्या हाताकडं बघतच राहिला. तिचं माहेर लोणी भापकर. तिथं भावांनी बोर्ड आणला होता, पण पोरीला कोण खेळू देतंय. भाऊ रानात गेले की ही एकटीच चारी बाजूंनी बसून खेळायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला ह्यातलं ठाऊक नव्हतं.

डाव संपल्यावर कंडक्टर म्हणाला, "बसा वैनी, रोज बसा. पन एक सांगतो. हरायला लागला की उठायचं अन् च्या टाकायचा."

सगळे हसले. ती हसली नाही. "ठरलं," म्हणाली.

तिथनं पुढं ती त्या खोलीतली झाली. गावात बोललं गेलं. गड्यांत बाई बसती, टीव्हीचा रिमोट धरून बसती. माझ्या चुलत्यानं मला गिरणीच्या दारात अडवून विचारलं. मी सांगितलं, "तुमच्यातल्या कुनीबी येऊन तिला हरवून दावा, मग उठवतो." चुलता आला नाही. मिस्त्रीही इंदापुरात सांगत सुटला की निमगावात एक बाई आहे, तिच्यापुढं गड्यांचं चालत नाही. तिचं बसणं तिच्या जिंकण्यावर उभं राहिलं ते असं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मान वाटला.

तिनं तिथं एक नियम घातला. कंडक्टरला खोड होती, आपला डाव नसला की बाहेरनं सांगायचं. ती घे, ह्यो कोपरा बघ, राणी मोकळी हाय. तिला ते खपायचं नाही. म्हणाली, "ज्याचं त्याला दिसंल. दिसलं न्हाय तर त्याचं नशीब. भायेरनं जो बोलंल त्यानं गिरनी झाडायची." आणि नुसतं डाव चालू असताना नाही, डाव उठल्यावरसुद्धा कुणी कुणाची चूक काढायची नाही. चूक काढली तरी झाडू. कंडक्टरनं पहिल्या महिन्यात इतक्यांदा गिरणी झाडली की त्याची खाकी पांढरी व्हायची. डेपोत लोक विचारायला लागले, म्हणाले, ह्यो तिकिटं फाडतोय का पीठ विकतोय. मग तोही गप झाला. सगळेच गप झाले. कुणाचा हात चुकला की बघायचं आणि तोंड मिटून बसायचं, हे आमच्या अंगात मुरलं.

व्हिडिओ गेममध्ये एक रणगाड्यांचा खेळ होता. पडद्याच्या खाली मधोमध विटांचं घर. वरनं दुश्मनाचे रणगाडे यायचे, एक डावीकडनं, एक उजवीकडनं, एक मधनं. दोघांनी मिळून ते घर राखायचं. मिस्त्री आणि माझी बायको ही जोडी ठरलेली. तो उजवीकडं उभा राहायचा, ती डावीकडं. तिची बाजू कधी फुटली नाही. तात्या मांडी घालून बघायचा आणि म्हणायचा, सूनबाई राखणीला चांगली आहे, मेंढरं दिली असती तर लांडगा उपाशी मेला असता.

एक दिवस ती मिस्त्रीला म्हणाली, "आज मी उजवीकडं ऱ्हाते. तुमी डावी घ्या."

मिस्त्रीनं बाजू बदलली. कुणाला काही वाटलं नाही. पण त्यानंतर ती कधीच डावीकडं गेली नाही. आणि जेव्हा मिस्त्रीचा रणगाडा मरायचा आणि ती एकटी उरायची, तेव्हा डावीकडनं आलेला रणगाडा सरळ खाली उतरायचा, ती उजवीकडं तोंड करून उभी, आणि घर फुटायचं. ती म्हणायची, "माझ्या रिमोटचं डावं बटन अडतंय."

मिस्त्रीनं रिमोट घरी नेला, उघडला, परत आणला. "घान बसली हुती वैनी, काढली," म्हणाला. पुढं बऱ्याच दिवसांनी त्यानं मला सांगितलं की बटनात काहीच नव्हतं. नवं होतं म्हणे. त्यानं परत स्क्रू लावले आणि घरी तसाच बसून राहिला, कारण बटन चांगलं असलं तर काय बिघडलं हा सवाल राहात होता.

त्याच दिवसांत घरात दूध उतू जायला लागलं. शेगडीला दोन बर्नर, डावीकडचं दूध उतू जायचं, उजवीकडचं नाही. मागच्या खोलीत येताना तिचा डावा खांदा चौकटीला लागायचा. दळणाला आलेल्या बाया डबे ओळीनं ठेवायच्या, त्यात डाव्या टोकाचा डबा राहून जायचा. एक बाई भांडून गेली की माझं दळण मुद्दाम मागं ठेवता. मी बायकोला म्हणालो, "ध्यान कुठं असतं तुझं?" ती म्हणाली, "गिरनीचा आवाज डोक्यात बसतोय." आमची एकुलती एक लेक नुकतीच बारामतीकडं दिली होती. मला वाटलं, लेकीच्या मागं मन लागत नसेल.

मग कॅरम. ती बसायची जागा बदलायला लागली. आधी तिची जागा दाराकडची होती. आता ती भिंतीला डावा हात लावून बसायची आणि बोर्डाला तिरकी. मान अशी वळवून की बोर्ड तिच्या उजव्या अंगाला यावा. कंडक्टरची सोंगटी तिच्या डाव्या हाताच्या होलाच्या तोंडावर असायची, पोरानंसुद्धा टिचकी मारून घातली असती, आणि ती पलीकडच्या कोपऱ्यातली अवघड सोंगटी मारायला जायची. तीसुद्धा घालायची बरं का. हात तसाच होता. म्हणून कळत नव्हतं. कंडक्टरला वाटायचं ही आपल्याला खिजवतीय, सोपं सोडून अवघड मारतीय. तो चिडून खेळायला लागला. ती हरायला लागली.

हरली की ती आपणहून उठायची आणि चहा टाकायची. कुणी म्हणालं नाही की उठा. कुणी बसा असंही म्हणालं नाही.

तात्यानं तिच्याबरोबर वाघ-बकरी खेळायचं बंद केलं. ती बकऱ्या घ्यायची, त्याचे वाघ डावीकडनं येऊन एकेक बकरी खाऊन जायचे, आणि ती उजवीकडचा वाघ कोंडत बसायची. एक दिवस तात्यानं मधेच खडे गोळा केले आणि खिशात घातले. "माझं गुडघं दुखत्यात," म्हणाला आणि घरी गेला. मग यायचाच बंद झाला. मी त्याच्याकडं गेलो, विचारलं, "तात्या, रुसला काय?" तो गोठ्याकडं बघत बसला होता. म्हणाला, "मेंढराच्या डोक्यात पान्याचा फोड हुतो, ठावं हाय का तुला? मग त्ये मान एका अंगाला धरतं. एकाच बाजूला फिरत ऱ्हातं. पुढ्यात चारा असला तरी एका अंगाचाच खातं."

"मग?"

"मग काय. कळपात ठेवत न्हाईत."

मी उठून आलो. मला त्याचा राग आला. पण त्या दिवसापासनं मी बायको जेवताना तिच्या ताटाकडं बघायला लागलो. भाकरी उजवीकडची संपायची. डावीकडची चटणी तशीच राहायची. मी ताट फिरवलं की ती म्हणायची, "अवं, चटनी वाढली की सांगायचं तरी." मी तिला म्हणालो, चल, बारामतीला डोळे दाखवू. म्हणाली, मला काही झालं नाही, उगा खर्च नको. दुसऱ्यांदा म्हणालो तर तिनं ताट सारलं.

मिस्त्रीला राहवलं नाही. एका दुपारी तो कंडक्टरला घेऊन आला. लाइट गेलेली, गिरणी बंद, खिडकीतनं ऊन बोर्डावर पडलेलं. ती गहू पाखडत होती.

"वैनी, एक डाव," मिस्त्री म्हणाला.

"बसा, आलेच." तिला आनंद झाला. कितीतरी दिवसांत तिला कुणी आपणहून बोलावलं नव्हतं.

ती हात पुसून बसेपर्यंत मिस्त्रीनं सोंगट्या लावल्या. मधे गोल लावल्या नाहीत. सगळ्या काळ्या-पांढऱ्या आणि राणी, सगळ्या त्यानं बोर्डाच्या एका अंगाला पसरल्या. तिच्या डाव्या अंगाला. उजवीकडं एकही नाही. मग तिच्या हातात स्ट्रायकर दिला आणि म्हणाला, "मारा."

तिनं स्ट्रायकर रेघेवर ठेवला. पुढं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं.

"डबा कुटं हाय?" ती म्हणाली. "सोंगट्या लावा की."

कंडक्टरनं दोन्ही हातांनी बोर्ड धरला आणि हळूहळू फिरवला. सोंगट्या न सांडता फिरवला. अर्धा फिरला तशी एक पांढरी तिच्या नजरेला आली, मग राणी, मग सगळ्याच. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. भिंतीतनं माणूस निघून पुढ्यात उभा राहावा तसं तिचं तोंड झालं.

मिस्त्री म्हणाला, "वैनी, तुमाला डावं दिसत न्हाय."

ती स्ट्रायकर बोटानं फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमी बोलला. झाडा गिरनी."

मला वाटलं तो हसण्यावारी नेईल. तो उठला, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि पुढं जाऊन गिरणी झाडायला लागला. सगळी झाडली. जात्याखालचं, पट्ट्यामागचं, कोपऱ्याकोपऱ्यातलं. पिठाचा धुरळा मागच्या खोलीपर्यंत आला. आत आम्ही तिघं बोर्डाभोवती बसलेलो आणि बाहेर झाडूचा आवाज. तो आत आला तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या आणि गालावर दोन ओल्या रेघा.

"उद्या बारामतीला जायाचं," मी म्हणालो. ह्यावेळी ती नाही म्हणाली नाही.

बारामतीच्या डोळ्याच्या डॉक्टरनं दोन्ही डोळे तपासले. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, आपली बोटं इकडं तिकडं हलवून बघितली. मी म्हणालो, "चष्मा द्या." तो म्हणाला, "डोळे ठीक आहेत. चष्म्यानं काही होणार नाही. ह्यांना पुण्याला न्या, डोक्याचा फोटो काढा. उशीर करू नका." चिठ्ठी दिली.

इंदापूरच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टँडवर बाकावर बसलो. मी तिच्या डाव्या हाताला बसलो होतो. मग उठून उजव्या हाताला आलो.

"कवापास्नं?" मी विचारलं.

"मागच्या ज्वारीच्या काढनीपास्नं," ती म्हणाली. "तवा कडंला जरा धुरकट हुतं. मग गेलंच."

म्हणजे वर्ष उलटून गेलं होतं. मला वाटत होतं, तिलाही आमच्यासारखंच आता कळलं. तिला सगळं कळत होतं. रिमोटचं बटन नाही, गिरणीचा आवाज नाही, लेक नाही. उजवी बाजू तिनं मागून घेतली होती, भिंत तिनं जाणून धरली होती.

"मग मेले, बोलायचं न्हाय का?"

"बोलले असते तर बसू दिलं असतं का मला?" ती म्हणाली. "आंधळी बाई म्हनून दारात बसवलं असतं, गहू निवडायला. त्ये तर मी जल्मभर केलंय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं, मान वळवून भागंल. भागलं बी की बरंच दिवस."

गाडी लागली. लोक दारात रेटायला लागले. मी तिचा हात धरून चढवलं. त्या गाडीत ती खिडकीशी झोपली आणि मी निमगावपर्यंत जागा राहिलो.

पुण्यात फोटो काढला. डॉक्टरनं तो काचेवर उजेडात लावला आणि पेन्सिलीनं दाखवलं. उजव्या अंगाला, मागं, एक पांढरं गोल. तो म्हणाला, गाठ इकडं असली की दिसणं तिकडचं जातं. मी विचारलं, "लवकर आनली असती तर?" तो सरळ माणूस होता. म्हणाला, "लहान असताना हात घातला असता तर पुरती निघण्यासारखी होती. आता जेवढी निघेल तेवढी."

तिनं त्याला एकच विचारलं. "गाठ काढली की डावीकडचं परत येतंय का?"

"नाही," तो म्हणाला.

"मग काढा, न्हायतर ऱ्हाऊ द्या. मला सारखंच." पण आम्ही काढली. लेक रडली, मी ओरडलो, आणि काढली. डोक्याचे केस गेले. बोलताना शब्द सापडेनात. घरी आणली तेव्हा ती चालत होती, नंतर धरून चालायला लागली, नंतर नाही. दुपारी लाइट गेली की कंडक्टर आणि मिस्त्री यायचे. बोर्ड तिच्या खाटेच्या उजव्या अंगाला लावायचे आणि सगळ्या सोंगट्या तिच्याच बाजूला ठेवायचे. ती हात लावायची नाही. तिला कळत होतं की आता मुद्दाम ठेवताहेत. एक दिवस ती कंडक्टरला म्हणाली, "घरी जावा. पोरं वाट बघत्याल." मग त्यांनी बोर्ड आणायचा थांबवला.

ऊस तुटायला लागला त्या दिवसांत ती गेली. पहाटे नाही, रात्री नाही. गिरणी चालू होती आणि पुढं दळणाला बाया उभ्या होत्या. लेकीनं आतनं हाक मारली, तेव्हा मी मोटर बंद करायच्या आधी आत पळालो. दगड रिकामे फिरत राहिले. कुणीतरी बाईनं खटका पाडला.

तेराव्यानंतर ते तिघं आले. तात्यासुद्धा आला, काठी टेकत. मागच्या खोलीत बसले. बोर्ड भिंतीला लावलेला होता, टीव्हीवर फडकं टाकलेलं. मी त्यांना बारामतीच्या स्टँडवर ती काय बोलली ते सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला तेही सांगितलं. लपवायची मला सवय नाही. ती वर्षभर गप का राहिली आणि त्या वर्षानं काय नेलं, दोन्ही सांगितलं.

कंडक्टरनं डोकं धरलं. म्हणाला, "आसं कसं वैनीला वाटलं? मी ती अट गमतीनं घातली हुती. त्या हरल्या असत्या, आंधळ्या झाल्या असत्या, तरी बसूच दिलं असतं की आपन."

"खरं बोल," मी म्हणालो. "आधी जिंकली नसती, नुसती हौस म्हनून बसली असती, तर बसू दिलं असतं?"

तो मिस्त्रीकडं बघायला लागला. मिस्त्री फरशीकडं.

"न्हाय," तात्या म्हणाला. "कुनीच न्हाय. उगा आता ग्वाड ग्वाड बोलू नगा."

थोड्या वेळानं कंडक्टर उठला, त्याची गाडी होती. मिस्त्री गेला. बोर्ड न्यायला कंडक्टर कधी आला नाही आणि मीही पाठवला नाही. पुढं त्याची बदली झाली. मिस्त्रीनं इंदापुरात मोठं दुकान टाकलं. रस्त्यात भेटला की मोपेड थांबवायचा, पण परत गिरणीकडं वळला नाही. तात्या तेवढा येत राहिला, मरेपर्यंत. आम्ही दोघं बसायचो, काही खेळायचो नाही.

लेक म्हणते, आईवर राग धरू नका आता, किती वर्षं झाली. मी धरतो. तिनं मला विचारायला पाहिजे होतं. मी तिला म्हणालो असतो, मर तिकडं ते जिंकणं, आधी डोळे दाखव. आता मी हे लिहितोय तर वाटतं, म्हणालो असतो का? 'तिला हरवून दावा, मग उठवतो,' असं मी चुलत्याला सांगितलं होतं, ते तिनं दारातनं ऐकलं होतं.